धुरा जागा खातो

१८ जून
अखेर वाटणी झाली. बाबा आणि योगराज काका महिनाभर एकमेकांशी बोललेले नाहीत. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत — धानाचं प्रत्येक खाचर, प्रत्येक बांधी अर्धी करायची, मध्ये मातीचा बांध घालून धुरा करायचा. तलावाजवळच्या बांधीला पाणी आधी मिळतं, खालची उशिरापर्यंत ओली राहते. दुसऱ्याला एकही सबंध मिळायला नको! आई म्हणाली, "भात खासाल का धुरे खासाल?"

२३ जून
पीएचडीची मुलाखत जुलैत, पुण्याला. कॉलेजच्या सरांनी फोनवर बजावलं — अतिसूक्ष्म अंतरावर भौतिकीचे सिद्धांत का कोलमडतात, हे विचारणारच. समीकरणं येतात मला. साध्या भाषेत सांगता येत नाही, त्याचाच राग येतो.

२४ जून
पुन्हा बसले. लहान वस्तू बघायची तर लहान तरंगलांबी हवी. तरंगलांबी लहान, तर ऊर्जा जास्त. इवल्याशा जागेत इतकी ऊर्जा कोंबली की तिच्याच गुरुत्वानं तिथे कृष्णविवर होईल. जे बघायचं तेच झाकलं जाईल. बरोबर आहे. पण पाठ केल्यासारखं वाटतं.

२५ जून
आज काहीच नाही. डोकं दुखतं.

२९ जून
शेतावर गेले. सगळ्यात लहान बांधीतही धुरा घातलाय. माती त्याच बांधीतली. बारीक करावा तर पाण्यानं फुटतो, म्हणून चांगला रुंद. दोन्हीकडे नुसत्या पट्ट्या उरल्यात. ट्रॅक्टरवाला गुड्डू चिखलणीला आला, बघितलं आणि माघारी वळला. "फिरवू कुठी? धुऱ्यावर?" बाबा एका टोकाला, काका दुसऱ्या. मान वर करेनात. फार वाईट वाटलं.

आणि तिथेच सुचलं. आणखी दोनदा वाटणी केली तर बांधी उरणारच नाही, नुसते धुरे. अर्धं करण्याचा नियम खोटा नाही, मोठ्या बांधीत तो छान चालतो. तो फक्त धुऱ्याची जागा हिशेबात धरत नाही. आपलं पुंजभौतिकीचं नेहमीचं गणितही असंच — बघायला लागणारी ऊर्जा जागेलाच वाकवते, हे ते धरत नाही. मोठ्या अंतरावर त्यानं बिघडत नाही. अतिसूक्ष्म अंतरावर बिघडतं.

१४ जुलै, पुणे
मुलाखत झाली. धुराच सांगितला. समितीतल्या एक बाई हसल्या. मग विचारलं, "म्हणजे जागेचे खरोखर तुकडे असतात?" म्हटलं, माहीत नाही. आपला नियम तिथे थांबतो, एवढंच कळतं.

बाबांनी फोनवर सगळं विचारून घेतलं. लहान बांधीत शेवटी नुसते धुरेच उरतात, हे दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "जेवली का?"

१६ जुलै, परतीच्या गाडीत
निवड झाली! बाबांना फोन लावला. काकांनी उचलला. "तुया बापाचे हात चिखलात हायेत. धुरा मोडून राहिलो आमी. बोल, का झालं?"