तुझ्या ताटातली अंडी

प्रिय भागू,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून आईला हाक मारशील. नको मारूस. हे एकटीनेच वाच. हळर्णला यंदा काजू कसे आहेत, तुझा खुबा थंडीत अजून ठणकतो का, हे विचारायचा हक्क मला राहिलेला नाही.

हरमलच्या ओल्या वाळूत आपण पहाटे धावायचो तेव्हाही तूच पुढे असायचीस. लष्कराच्या अकादमीतही तेच. पाठीवर वीस किलो घेऊन तू माझ्याआधी टेकडीवर पोचायचीस आणि वरून ओरडायचीस, ये गो म्हातारे! मी हसायचे आणि आतून जळायचे. सुवर्णपदक एकच होतं.

तिसऱ्या महिन्यात माझी पाळी थांबली. मी गुपचूप डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी स्पष्टच सांगितलं, खाणं कमी, कष्ट फार, झोप नाही, म्हणून शरीराने हार्मोन्स बनवणंच आवरतं घेतलंय; असंच चाललं तर हाडं ठिसूळ होतील. दोन आठवडे धावणं बंद, खाणं दुप्पट. तुला मी थाप मारली, पाय मुरगळलाय म्हणून. हळूहळू माझी पाळी परत आली.

तोवर तुझी गेली होती, आणि तू चक्क नाचलीस! घरी चार दिवस बाजूला बसायचा जाच, इथे त्याच दिवसांत धावायचा. तुझ्या आईने देवळात गावच्या बाबली घाड्याकडून देवीला गाऱ्हाणं घातलं होतं, पोरीची महिन्याची अडचण प्रशिक्षण संपेपर्यंत दूर ठेव म्हणून. तू माझ्या कानात म्हणालीस, देवीन माजां आयकलां गे! तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, नशीबवान आहेस, पण डॉक्टरला सांगू नकोस, घरी पाठवतात. सुट्टीत तुझ्याबरोबर येऊन देवीची ओटीही भरली. तुला भूक नसायची, म्हणून तुझ्या ताटातली उकडलेली अंडी रोज मी खाल्ली. मला जास्त खायला सांगितलं होतं ना!

अकराव्या महिन्यात धावताना तू कोसळलीस. खुब्याजवळचं हाड चिरलं होतं. इस्पितळात विचारलं तेव्हाही तू पाळी नियमित येते म्हणालीस, मी पढवल्याप्रमाणे. माझा हात धरून विचारलंस, माझं काय चुकलं? मी म्हटलं, पाऊल वाकडं पडलं असेल. पदक मला मिळालं. ते घेताना मला आनंद झाला, हेही लिहिते.

आता मी अकादमीतच शिकवते आणि तुझी धाकटी बहीण हर्षा माझ्या तुकडीत आहे. तिची पाळी पाच महिने आलेली नाही. डॉक्टरकडे जा म्हटलं तर हसली. म्हणाली, ताईने माझ्यासाठीही गाऱ्हाणं घातलंय, आणि बजावलंय, डॉक्टरला सांगितलं की घरी पाठवतात. माझंच वाक्य, भागू. परवा ती नडगी धरून बसली, तेव्हा मी वर कळवलं. तिला सहा महिने मागे ठेवलंय. घरी कुणीही पाठवलेलं नाही, पण ती औषध घेत नाही, जेवत नाही, सिद्धी मॅडम ताईवरचा जुना राग माझ्यावर काढतात म्हणते. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल. आजच तिला फोन कर आणि तुझं हाड कुणी मोडलं ते माझं नाव घेऊन सांग.

तुझी म्हणवायला न धजणारी,
सिद्धी