कनेरगावची ओसरी

सत्यभामे,

हिंगोलीतली आपली गल्ली आता वळखू येत न्हाई. मालकांनी भाडेकरू काढून जुनी घरं बिल्डरला दिली, तिथं फ्लॅट झाले. तूबी गेलीस. माझं घर सोताचं, म्हणून मी तेवढी राहिले. तुमची लई कीव यायची मला.

कोण कुठं गेलं, बरं हाय का, म्हणून मी सगळ्यांची चौकशी करत फिरले. मंगळवारी कनेरगाव नाक्याला उतरले. बघते तर गल्लीतल्या समद्या बाया तुझ्या ओसरीवर! शिवकन्या पापड लाटून राहिली, अन् तू तिच्या खांद्यावर हात टाकून हसून राहिली. सख्खी भईन असून मला सांगावा न्हाई?

जीव जळला माझा. तू हाक मारली, "अक्का, बस की!"

मी म्हणलं, "गाडी हाय माझी."

गाडी न्हवती. नाक्यावर उगंच उभी राहिले.

इथं फ्लॅटवाल्या बाया दार उघडत न्हाईत. तुझ्या शेजारी एखादी खोली रिकामी हाय का, हे इचारायला लिहायला बसले. पण पत्र टाकणार न्हाई. तू लगेच "ये" म्हणशील, अन् तेच मला सोसायचं न्हाई.

तुझी थोरली,
चतुरा