त्या दिवशी न थांबलेली छोटी गाडी

बाबा, परवा मी एका लग्नासाठी दर्यापूरला गेले होते. जीपनं आपल्या छोट्या गाडीचे रूळ ओलांडले, पण हळूसुद्धा झाली नाही. रुळांत बाभळी वाढल्यात. आता इथे मोठी लाइन होणार, असं शेजारचा माणूस सांगत होता. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

इंग्रजांनी कापूस वाहायला टाकलेली ती अरुंद लाइन. तुम्ही गार्ड म्हणून लागलात तेव्हा वाफेचं इंजिन होतं, रिटायर झालात तेव्हा डिझेलचं. तिकिटं तुम्हीच फाडायचात. फाटक आलं की उतरून लावायचात, गाडी पुढे गेली की उघडायचात आणि पळत शेवटचा डबा गाठायचात. वावरातून कुणी नुसता दुपट्टा हलवला तरी तुम्ही गाडी थांबवायचात. वांग्यांची टोपली घेऊन येणाऱ्या म्हातारीसाठी तर ड्रायव्हरकाका आधीच वेग कमी करायचे. म्हणून त्या दिवशी मी निर्धास्त होते.

डी.एड.च्या प्रवेशाची मुलाखत होती, अकोल्याला. आठ दिवसांच्या पावसाच्या झडीनं रस्ते बंद, एसटी नाही. तुमची गाडी मूर्तिजापूरला पोचवणार आणि तिथून मी मोठी गाडी धरणार. चिखलात चप्पल तुटली, ती हातात घेऊन मी अनवाणी पळतेय. स्टेशन शंभर पावलांवर आहे. तुम्ही शेवटच्या डब्याच्या दारात उभे आहात, सरळ माझ्याकडे बघताय. मी फाइल वर करून हलवते. तुम्ही हिरवी झेंडी दाखवता.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आलात तेव्हा मी एवढंच विचारलं, "मले पाह्यलं होतं ना तुमी?"

"पाह्यलं होतं. गाडी तुया बापाची नाई," म्हणालात, आणि न जेवता आडवे झालात.

प्रवेश गेला. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि मी बडनेऱ्याला आले. आज नांदगाव पेठेच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावते. माहेरी यायचे, स्वयंपाक करायचे, तुम्हाला वाढायचे, पण तुमच्याशी कामापुरतंच बोलायचे. किती वर्षं.

मग एकदा बडनेरा स्टेशनवर ड्रायव्हरकाका भेटले. त्यांनी सांगितलं की त्या दिवशी तुमच्या डब्यात मागच्या गावची, बाळंतपणात अडलेली बाई होती, तिचं रक्त थांबत नव्हतं. "मी थांबाले तयार होतो, पन तुया बाबानं झेंडी देल्ली," ते म्हणाले. दर्यापूरचा दवाखाना गाठायच्या आधीच ती गेली, पोटातल्या लेकरासकट. डबा तुम्ही एकट्यानं धुतला. आणि काकांना बजावलंत, "पोरीले सांगू नोको. ती बाई वाचली असती तं मीच सांगतलं असतं."

बाबा, काका भेटले तेव्हा तुम्ही जिवंत होतात. अमरावतीच्या दवाखान्यात होतात, आणि मी रोज सुटी झाली की तुमच्यासाठी भाकरीचा काला घेऊन यायचे. एका संध्याकाळी चमचा बाजूला सारून तुम्ही विचारलंत, "तुले काई म्हनाचं हाय का?"

मी म्हटलं, "नाई."

सगळं ठाऊक असूनही म्हटलं. लाज वाटली म्हणून नाही. आधी तुम्ही सांगावं, एवढंच मला हवं होतं.