माझ्या वाढदिवसाचा चहा

लंडन, ९ नोव्हेंबर १९५६

आई, तुला आणि घरच्या सगळ्यांना तुझ्या वीत्सकेचं भरभरून प्रेम.

मी ठणठणीत आहे. खोकलाही जवळजवळ गेलाय. बाबांचा गुडघा कसा आहे?

काल माझा वाढदिवस झाला. आपल्या हॉलंडच्या रीतीप्रमाणे वॉर्डातल्या सहाही नर्सना मी चहा-केक खायला घेऊन गेले. बिल आलं. मी पर्स उघडतेय तोच म्युरिएल म्हणाली, "अगं, आज डच पद्धतीनं करू. जिचं तिनं द्यायचं!" सगळ्या खिदळल्या.

माझं डोकंच फिरलं. "ही आमची पद्धत कुणी ठरवली?" मी विचारलं. तर म्हणे, पूर्वी आम्हा इंग्रजांच्या नि तुम्हा डचांच्या लढाया व्हायच्या ना, तेव्हापासून जे जे हलकं आणि कद्रू, त्याला आमचे लोक तुमचं नाव देतात. वर म्हणते कशी, "मनाला लावून घेऊ नकोस गं."

म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी आपण यांच्या नदीत शिरून यांची जहाजं जाळली, त्याचा राग या माझ्या केकवर काढणार!

"आमच्यात जिचा वाढदिवस तीच सगळ्यांना खाऊ घालते, कळलं?" असं सुनावून मी सात जणींचे पैसे टेबलावर आपटले. पैशांची काळजी करू नकोस, महिनाभर बटाटे खाऊन कुणी मरत नाही.

त्याच तिरमिरीत म्युरिएलला म्हटलं, "नाताळात आमच्या घरी चल आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ." ती येतेय.

तेव्हा आई, कॉफीबरोबर एकेक बिस्किट दिलं की तू लगेच डब्याचं झाकण लावतेस ना, तेवढं ती असेपर्यंत लावू नकोस. तुला माझी शपथ आहे.

तुझी, अजून धुमसणारी,
वीत्सके