सांगलीच्या रजेचा अर्ज

३ नोव्हेंबर १९४३, बुधवार. सातारा.
सांगलीहून सासऱ्यांचं, विष्णुपंतांचं कार्ड. मुलगी चार दिवसांची होऊन रविवारी गेली. शकुंतला कोणाशी बोलत नाही, ताबडतोब निघून यावे. दोनदा वाचलं. अशी कार्डं घरात ठेवत नाहीत, फाडून टाकलं. खानावळीत नेहमीसारख्या चार पोळ्या गेल्या. उद्या निघायचंच. फक्त रजेचा अर्ज तेवढा टाकायचा. इंग्रजीतच टाकणार. मराठी अर्जाला आमच्या कचेरीत कुत्रं विचारत नाही.

४ नोव्हेंबर, सकाळी.
'कॅन आय गो' लिहिलं. खोडलं. कॅन म्हणजे अंगात ताकद असणं. सांगलीला जायची ताकद माझ्यात आहेच, ती साहेबांना काय विचारायची! परवानगीला मे. व्याकरणाचं पुस्तक काढलंच आहे तर प्रकरण मुळापासून वाचावं. अर्ज उद्या. नक्की.

६ नोव्हेंबर.
मे परवानगीलाही चालतो आणि शक्यतेलाही. 'आय मे गो' म्हणजे जाईन, नाहीतर जाणारही नाही. साहेबांचा गैरसमज व्हायचा. माइट जास्त नम्र, पण त्यात जायची शक्यता आणखी कमी. घाई करण्यात अर्थ नाही.
आमचा शिपाई धुळा साहेबांच्या दारात उभा राहिला. सायेब, म्हातारी लय आजारी हाय, मेढ्याला जाऊन येऊ का, म्हणाला. साहेब मान वर न करता जा म्हणाले. दुपारी गेलासुद्धा. अडाण्यांचं बरं असतं.

९ नोव्हेंबर.
मेहुण्याचं, हरीचं कार्ड. ताई एवढंच विचारते की ते येणार का. लगेच उत्तर टाकलं: शक्यता आहे. खोटं काही लिहिलं नाही.
मसुदा सातवा. कागद संपले. शकुंतलेच्या पेटीत कोरे असतात म्हणून उघडली, तर वर बाळासाठी आणून ठेवलेलं झबलं. बाजूला सारलं, कागद घेतले. काही वाटलं नाही.

१२ नोव्हेंबर.
धुळा परत आला. म्हातारी बरी. मला म्हणतो, आवं भाऊसाब, तुमी अजून सांगलीला न्हाई गेला? तोंडानं इचारा की. त्याला म्हटलं, प्रत्येक गोष्टीला एक पद्धत असते. व्हय, म्हणाला आणि टेबलं पुसायला लागला.
शकुंतलेसमोर उभं राहून काय बोलायचं ते मला येत नाही. हे वाक्य खोडायचं आहे.

१६ नोव्हेंबर.
अर्ज तयार. 'माइट आय बी परमिटेड' हेच कायम केलं. वळणदार अक्षर, एक डाग नाही. साहेब फलटणला दौऱ्यावर, सोमवारी येणार. बरंच झालं. एकदा तपासता येईल.

२२ नोव्हेंबर, सोमवार.
अर्ज दिला. साहेबांनी वाचलाच नाही. कशासाठी विचारलं, सही ठोकली. पंधरा दिवस मंजूर, उद्यापासून. अहो, त्याच दिवशी तोंडी बोलला असतात तरी सोडलं असतं, म्हणाले. हे त्यांचं आत्ताचं म्हणणं. माझ्या इंग्रजीचा परिणाम त्यांना कसा कळणार? उद्या सकाळची मोटार. आता कोणी अडवू शकत नाही.

२३ नोव्हेंबर.
मोटार चुकली. हल्ली लढाईमुळे पेट्रोल नाही, या कोळशावरच्या मोटारींचा काही भरवसा नाही.
मोटार वेळेवर होती. बराच वेळ थांबली. मीच बसलो नाही.

२५ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी.
हरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत ये म्हटलं, नाही आला. चहा ठेवतो म्हटलं, नको म्हणाला. मी रजा मिळाल्याचं सांगितलं. अर्ज दाखवला. त्यानं हातात घेतला, परत दिला. ताई आता सांगलीलाच राहणार म्हणाली आहे, असं म्हणाला. आवाज चढवला नाही. मग विचारलं, तिची पेटी नेऊ का?
ने म्हटलं.
डोक्यावर घेऊन गेला. झबलं पेटीतच होतं. ते मला ठेवू का, एवढंच त्याला विचारायचं होतं. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभा होतो. विचारलं नाही.
रजेचे बारा दिवस शिल्लक आहेत.