आत वळवलेली चौकट

बाबा, आपल्या रस्त्यावरची गवताच्या व्यापाराची जुनी पेढी नेमकी कोणत्या घरात होती, हे तुम्हाला विचारायचे राहून गेले. तुम्ही असताना हा प्रश्न कधी पडला नाही, आणि आता ज्यांना पडला आहे ते उत्तर माझ्याकडे मागत आहेत. जिल्हा वेगळा झाल्यापासून डहाणूत जुन्या वास्तूंविषयीची आस्था एकाएकी वाढली आहे. स्टेशनापासून समुद्राकडे जाणारा आपला रस्ता आता रुंद होणार असून दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर लाल रंगाच्या खुणा पडल्या आहेत. गावातल्या काही मंडळींनी समिती स्थापन केली. ज्या पेढीपासून हा रस्ता वसत गेला तिच्यावर फलक लावायचा आणि निदान तेवढी एक वास्तू तशीच राखायची, एवढे त्यांनी पदरात पाडून घेतले आहे. फलकाचा मजकूर मी लिहायचा. समितीतली वास्तुरचनाकार मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, "सर, तुम्ही लिहाल तेच फायनल. तुमचे बाबा तर याच रस्त्यावरचे सुतार होते." मी म्हणालो, "अंतिम म्हण." ती हसली आणि कोरा कागद माझ्यापुढे ठेवून गेली.

पेढीचा दावा दोन घरांचा आहे आणि ती समोरासमोर आहेत. एक कापडवाल्या शेठचे. त्याच्या सागवानी चौकटीवर रस्त्याकडे तोंड करून वेली आणि पोपट कोरलेले आहेत. दुसऱ्या घरात एक वयस्कर बाई मुलाच्या कुटुंबासह राहतात. त्या घराची चौकट बाहेरून सपाट, नुसता रंधा मारलेली. मला निवाडा सोपा वाटला, कारण तुमचा नियम मला पाठ होता. या रस्त्यावर कोणतेही घर पाडले तरी त्याची चौकट वाया जात नसे, ती दुसऱ्या घराला लागे. मात्र परक्या घरात बसवताना तुम्ही तिची नक्षी आतल्या बाजूला वळवत असा. मी तेव्हा शाळेत जाऊ लागलो होतो. तलासरीकडून आलेल्या गवताच्या गाड्या रस्त्यात उभ्या आहेत, बैल रवंथ करत आहेत, कुणाच्या तरी ओट्यावर तुम्ही चौकट उलटी लावून पाहत आहात आणि मी विचारतो, "एवढी सुंदर नक्षी आत कशाला लपवायची?" तुम्ही हातातली पटाशी खाली ठेवत नाही. "दुसऱ्याच्या घरात आलेल्यानं मिरवू नये. आत बघावं." मी पुन्हा विचारतो, तेव्हा तुम्ही डोळे वर करता. "नियम एकदा सोडला की हातही ऐकत नाही." त्याच दिवशी उरलेल्या सागाची एक फूटपट्टी तुम्ही मला करून दिलीत. पुढे नोकरीभर मी तिच्या आधाराने विद्यार्थ्यांच्या चुकांखाली रेघा ओढल्या.

तेव्हा नियमाप्रमाणे नक्षी बाहेर असलेली शेठची चौकट मूळची, आणि अशी कोरीव चौकट पेढीलाच शोभणारी, म्हणजे पेढी तेच घर. शेठ गादीवरूनच आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "मास्तरसाहेब, आमच्या दरवाजासमोर लोक उभे राहून फोटो काढते. समोर कोण काढते?" मी म्हणालो, "काढतात." "हां, काढतात. मग लिहा ने तसंच." मी तसा मजकूर लिहिला, आणि तो देण्यापूर्वी केवळ काटेकोरपणा म्हणून समोरच्या घरात गेलो. बाईंनी पाणी पुढे केले. "रोज समोरून जाता मास्तर, पण आत यायला आमचा ओटा तुटायची वेळ यावी लागली." मी वळून पाहिले. दाराच्या आतल्या अंगाला तशाच वेली, तसेच पोपट. "ही चौकट कुठल्या घरातून आणलेली?" मी विचारले. "आणायची कुठून? ह्याच घराची आहे. पेढी हीच. सासरे गेले, गवताचा धंदा बसला, सासूबाईंचं बाहेर जाणं बंद झालं. त्यांनी तुमच्या बाबांना बोलावलं नि म्हणाल्या, 'रस्त्याला किती दिवस दाखवायची? दिवसभर घरात मी असते. नक्षी माझ्याकडे फिरवा.' तुमच्या बाबांनी एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी चौकट काढून उलटी बसवली. मी चिखल्याहून नवीनच लग्न होऊन आले होते, चहा मीच दिला त्यांना." मी शेठच्या चौकटीचे विचारले. "ती नंतरची, आमची बघून केलेली. पण शेठला विचारायला जाऊ नका, साडी घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत."

बाबा, तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. दोघांनाही आपले घर वाचवायचे आहे, म्हणून कोणाचाच शब्द निखळ मानता येत नाही. शेठ खरे असतील तर बाईंची चौकट दुसऱ्या घरातून आलेली, आणि तुम्ही मला ठाऊक आहात तसेच होता. बाई खऱ्या असतील तर तुम्ही एका विधवेच्या शब्दाखातर, न कुरकुरता, नियम बाजूला ठेवलात. मग आईचे काय? तिने स्वयंपाकघराला खिडकी मागितली होती. तुम्ही म्हणालात, "भिंत बांधली तेव्हा नव्हती." ती त्यानंतरही चुलीपाशी पदराने डोळे पुसत राहिली, आणि मी त्या नकारालाच तुमचा स्वभाव समजलो, नंतर तो माझाही झाला. परक्या घरातली चौकट फिरवणारा हात स्वतःच्या घरातल्या भिंतीपुढे का अडला, हे मला उलगडत नाही. मी दोन्ही चौकटी बोटांनी चाचपून पाहिल्या. दोन्हींवर तुमच्या पटाशीचा तोच, किंचित डावीकडे झुकणारा घाव आहे. कोणती आधीची, हे लाकडाने मला सांगितले नाही.

काल मी मजकूर बदलून दिला. फलक बाईंच्या घरावर लागेल. शेठचा ओटा जाईल आणि त्याबरोबर ती बाहेरची नक्षीही, आणि त्यांचे म्हणणे खोटे होते असे मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. विद्यार्थिनीने विचारले, "सर, आधार काय लिहू?" मी म्हणालो, "माझे वडील सांगत असत, असे लिही." तिने ते लिहून घेतले, आणि मी एकही शब्द दुरुस्त केला नाही. आता हे पत्र घडी करून तुमच्या फूटपट्टीखाली ठेवतो आहे. पाठवणार तरी कुठे? तुम्ही मला असे कधीच काही सांगितले नव्हते, बाबा. ते तुमच्या तोंडून ऐकलेले असावे, असे मला फार वाटले.