सुमन गेली

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. मुसफ्फा.

'शेवटी सुमन गेली.' काल माझ्या गोष्टीचा सहावा भाग इथल्या, आखातातल्या कामगार कॅम्पच्या ग्रुपवर टाकला, त्याचं हे शेवटचं वाक्य. गेली म्हणजे माहेरी गेली. शुद्धलेखन चारदा तपासलं, अर्थ एकदाही नाही. सगळ्यांना वाटलं, मेली.

आज मेसमध्ये वेल्डर तांडेलकाकांनी ताटाला हात लावला नाही. "बिचारीक मारलंस कित्याक? यल्ला, चल, जिवंत कर तिका!"

साइटचे इंजिनियर जोशीसाहेब हसले. "अरे, व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये कादंबऱ्या अशाच भागाभागांनी यायच्या. वाचक पत्रं लिहायचे, हिला मारू नका म्हणून. लेखक कधी ऐकायचे, कधी नाही."

'कधी नाही' हे काकांनीही ऐकलं.

माझ्या वहीत तर सुमन पुढे, शेवटच्या भागात खरोखरच मरते. मग पुन्हा तेच भरलेलं ताट? गोष्ट माझी, की काकांची?

वहीतलं ते पान फाडलं. 'सुमन माहेरी सुखरूप पोहोचली' असं लिहून काकांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "आता तिका खंय पाठवू नको," म्हणाले आणि जेवायला बसले.

पण तिला माहेरी ठेवू तरी किती भाग?